अठ्ठावीस मुलींचा तक्ता

१२ फेब्रुवारी १९६३, मंगळवार

एका तक्त्याचा खरा खर्च — अडीच तास, सात कागद, दोन कार्बन आणि सौ.चा गार झालेला चहा. पण उतरला असा, की नजर वरून खाली घसरत जावी. शाळेतल्या अनुपमाबाईंचा एम.एड.चा प्रबंध. सहावीच्या अठ्ठावीस मुलींना गणिताची भीती किती, याची चाचणी घेतली. मग महिनाभर तासाआधी दहा मिनिटं खेळ. मग पुन्हा तीच चाचणी. तक्ता आजच नागपूरला त्यांच्या मार्गदर्शकांकडे गेला. अमरावतीत टायपिंगवाले पुष्कळ आहेत. माझ्या हातचं पान मात्र आजवर दुरुस्तीला परत आलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, सोमवार

नागपूरचं उत्तर आलं. तिथल्या मदतनिसाने टी-टेस्ट, म्हणजे फरक खरा की योगायोगाचा ते पाहायचं गणित, लावली — फरक सार्थ नाही. म्हणजे भीती कमी झाली हे सिद्ध होत नाही. अनुपमाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "मोठ्या बाई म्हणतात, आकड्यांत दिसत नसेल तर खेळ बंद. भाऊसाहेब, त्या मुली आता आपणहून फळ्यापाशी येतात हो."

मी चौथी शिकलेला. उद्या या म्हटलं. निष्कर्षाचं पान टाइप केलं नाही.

२६ फेब्रुवारी

अकोल्याहून नत्थुजी आला. कापसाच्या जिनात सहा वर्षं आम्ही दोघं वजनकाट्यावर होतो. टेबलावर तक्त्याची नक्कल पाहून म्हणाला, "काहून गा, आता पोरीयची भीती तोलून राहिला का?"

"तोलली. घट दिसत नाही म्हणतात."

"वल्या कापसावानी?"

बस. तिथेच ध्यानात आलं. कापूस वाळून किती घटला ते पाहताना आम्ही ढीग ढिगाशी तोलत नसू. एक बोजा मणाचा, एक तीन मणांचा — त्या तफावतीत दोन शेरांची ओल दिसायचीच नाही. बोज्यावर खडूने नंबर टाकायचा. तोच बोजा आधी, तोच नंतर.

अनुपमाबाई आल्यावर विचारलं, "दोन्ही खेपांना मुली त्याच ना?"

"त्याच."

"मग नागपूरवाल्यांनी दोन वेगळे वर्ग समजून तर नाही तोलल्या?"

त्यांनी पुस्तक काढलं. बराच वेळ पानं उलटली. वेगळ्या गटांची टी-टेस्ट निराळी, त्याच माणसांच्या आधी-नंतरच्या जोडगुणांची निराळी. "अगंबाई. त्यांना हे कसं सुटलं?"

नत्थुजी बशीतला चहा फुंकत म्हणाला, "शिकलेल्यायले काटेवाला लागते म्हना."

सौ.ला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ऐकलं."

४ मार्च

नागपूरला पत्र गेलं. बाईंनी मुलीवार गुण हातानेच लिहिले. टायपिंगला वेळ नव्हता.

११ मार्च, सोमवार

जोडीच्या टेस्टने फरक सार्थ निघाला. खेळ चालू राहणार. बाई पेढे देऊन गेल्या.

मार्गदर्शकांनी एक विचारलंय — पहिल्या तक्त्यात मुलींची नावं का नव्हती? बाईंचा पेन्सिलीचा मूळ कागद काढून पाहिला. प्रत्येक नावापुढे दोन्ही वेळचे गुण एका ओळीत आहेत. नावं गाळून दोन्ही रकाने वेगवेगळे, मोठ्यापासून लहान असे लावले ते मी — बोज्यांवरचे नंबरच पुसले. छान दिसावं म्हणून.