मामांच्या काडीवरचं कुंकू

लोणावळा,
ऑक्टोबर १९३८

तीर्थस्वरूप चिंतामणीमामांस,

अनंताचा साष्टांग नमस्कार. (उजवा पाय सुजल्यामुळे तूर्त सात अंगांचाच, आठवं बरं झालं की पोचतं करीन.) तळेगावची हवा मानवते ना? खोकला कसा आहे? इकडे पाय सोडून सर्व क्षेम.

मामा, तुमची मोटारसायकल चालू होत नाही. दोष तिचा नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मला इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो साफ करायची हुक्की आली. (तुम्ही तो उघडायचात तेव्हा मी शेजारी बसून बघायचो. बघून विद्या येते असा माझा समज होता, आणि शाळेत पोरांनाही मी तेच सांगत आलो.) उघडला, पुसला, बसवला, पण ठिणगी केव्हा पडायची याचा मेळ गेला. तरी मी निर्धास्त होतो, कारण तुमची बांबूची काडी होती. प्लगच्या भोकातून ती पिस्टनवर टेकवायची, इंजिन हळूहळू फिरवायचं, आणि काडीवरची तांबड्या शाईची रेघ भोकाच्या काठाशी आली की तिथं ठिणगी.

पण दुसऱ्या दिवशी तुमच्या भाचेसुनेनं, इंदिरेनं, पाना, पंप, तेलाची बुधली सगळं पाटावर मांडून पूजलं आणि काडीलाही ओलं कुंकू लावलं, नेमकं तुमच्या रेघेवर. तांबड्यावर तांबडं! त्या डागात रेघ कुठं ते कळेना, म्हणून मी वरची कड धरली. (पूजलेलं हत्यार त्या दिवशी उचलू नये, हेही विसरलो.) ठिणगी फार लवकर पडली. किक मी मारली आणि लागली मलाच. दांडा उलटा आला आणि मी शेजारच्या शालूबाईंच्या गोवऱ्यांवर जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, "मास्तर, सोनं लुटायला उद्या जायचं हाय, आजच कुटं निगाला?"

मग रेल्वेतल्या कोंडाजी फिटरला बोलावलं. त्यानं काडी उलटसुलट पाहिली. "खून कुनी केली? मग त्यास्नीच इचारा की." मी म्हटलं, मामांचा हात आता थरथरतो. तो म्हणाला, "हात थरथरला म्हून काय झालं? कान हाय न्हवं?"

मामा, गणपतीत चार पाहुण्यांसमोर मीच तुम्हाला म्हणालो होतो, हात थरथरतो, आता गाडी माझ्याकडे द्या. तुम्ही गॉगल आणि काडी कट्ट्यावर ठेवून स्टेशनवर चालत गेलात, आणि तेव्हापासून आमच्याकडे आला नाहीत. त्या बोलण्याची मला फार लाज वाटते. तेव्हा नवी रेघ मारून एक काडी टपालानं पाठवावी, ही विनंती.

आपला भाचा,
अनंत

ता. क. कुंकू इंदिरेनं लावलं नाही, मी लावलं. ती ओरडत होती, काडीला नको, मामांची खूण आहे.

ता. क. दुसरा. काडी पाठवू नका. कोंडाजीनं परवाच सगळं जुळवून दिलं, त्याच्या पहिल्या किकला गाडी चालू झाली. पण रविवारी तुम्ही येणार असाल, तर शनिवारी मी ते पुन्हा बिघडवून ठेवतो. एका ओळीनं कळवा.