पस्तीस गुण

संगमनेर,
शुक्रवार, दुपारी

प्रिय मनू,

कुरिअरचं पाकीट बघून तुला वाटलं असेल, बाबांनी लग्नपत्रिकेचा आणखी एक मजकूर दुरुस्त करून पाठवला. तसं नाही. मजकूर छापायला गेला. आईचा गुडघा बरा आहे, आचाऱ्याने जिलेबीऐवजी श्रीखंड मान्य केलं आहे, आणि तुझ्या रुखवतासाठी तिने जे चालवलंय ते बघून शेजारच्या पंकजाताईंनी हात टेकले आहेत. आत्ताही त्या दोघी बाजारातच गेल्या आहेत. दोन तास तरी येणार नाहीत, म्हणून लिहायला बसलो. आईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगायचं की नाही, तेही तू हे वाचून झाल्यावर ठरव.

रविवारी सकाळी आपल्या पुढच्या खोलीत लोक पत्रिका घेऊन यायचे, ते तू जन्मल्यापासून पाहिलंस. कॉलेजच्या ऑफिसातल्या नोकरीवर आपलं घर चाललं. पत्रिका जुळवणं हे तुझ्या आजोबांकडून आलं. नारळापलीकडे मी काही घेतलं नाही, आणि म्हणून आपल्या हातून कुणाचं वाईट होत नाही अशी माझी समजूत होती. सात वर्षांपूर्वी, तू पुण्यात नोकरीला लागलीस त्याच साली, ओझरच्या पुढच्या एका वस्तीवरून मुक्ताबाई नावाची बाई आली. तू तिला पाहिलेलं नाहीस, तिनेही तुला नाही. सोबत तिचा एकुलता एक मुलगा होता, मच्छिंद्र. अठ्ठावीस वर्षांचा, गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट, चपला दाराबाहेर अगदी सरळ रेषेत काढून ठेवलेल्या. तीन एकर बागायत, चार गायी, आणि वस्तीवरचं दूध गोळा करून रोज सकाळी मोटरसायकलवर केंद्रावर पोचवायचं काम. शेती करतो म्हणून अकरा मुलींनी नाही म्हटलं होतं. बारावी, शेजारच्या गावची रुपाली, हो म्हणाली होती. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. तिच्या वडिलांची एवढीच अट, की गुरुजींना पत्रिका दाखवा.

मी मांडली. त्याचं नक्षत्र रोहिणी, तिचं श्रवण. दोघांची नाडी एकच. म्हणजे छत्तीस गुणांपैकी आठ तिथेच गेले. पण मी आकड्यावर थांबलो नाही. एक नाडी असली तर दोघांपैकी एकाच्या जिवाला धोका असतो, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं, तेही सांगून टाकलं. मच्छिंद्रने विचारलं, "गुरुजी, इलाज काय न्हाई का?" इलाज होता, मनू. शांती करतात, अपवाद बघतात, नक्षत्रांचे चरण तपासतात. अर्धा तास लागला असता. मला बारा वाजता एका साखरपुड्याला जायचं होतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "नाही. दुसरी मुलगी बघा."

महिन्याभरात रुपालीचं लग्न श्रीरामपूरला झालं. तिला दोन मुलं आहेत, सुखात आहे.

त्यानंतर मुक्ताबाई एकटीच येऊ लागली. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. दर वेळी त्याची तीच पत्रिका आणि एखाद्या नव्या मुलीची. जुळायची नाही. ती वाद घालायची नाही, पदराने कपाळ टिपायची आणि म्हणायची, "बरं. सांगते त्याला." एकदा मी म्हटलं, मुलाला आणा की सोबत. तर म्हणाली, "तो येतोय की. भायेरच बसतो." मी सहज खिडकीतून पाहिलं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. वाटलं, पानाच्या टपरीवर गेला असेल.

मग सहादेव आला. दूध केंद्रावर माप घेतो तो, त्याच्या भाचीची पत्रिका घेऊन आला होता. बोलता बोलता मी मुक्ताबाईंच्या मुलाचं अजून कुठे जमत नाही असं म्हणालो. तो चमकून म्हणाला, "गुरुजी, मच्छिंद्र जाऊन दोन वर्सं झाली. पौषात, सकाळच्या धुक्यात, क्यानासकट गाडी कालव्यात गेली त्याची." मी हिशेब केला. रुपालीच्या लग्नानंतर दोन महिन्यांनी. म्हणजे त्या दोन वर्षांत मी पाच मुलींच्या पत्रिका एका मेलेल्या माणसाच्या पत्रिकेशी ताडून पाहिल्या होत्या, आणि दर वेळी त्याला अयोग्य ठरवलं होतं.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी तिला नीट बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, मला कळलं. ती बिचकली नाही. "मेला ते मला ठावं हाय, गुरुजी. मीच त्याला शेवटचं पानी पाजलं. पन तो जात न्हाई. दारात बसून ऱ्हातो. लगीन न झालेला एकला पुढं कुठं जानार? तुमी एकदा जुळलं म्हना. मी परत यायची न्हाई."

तिने हात जोडले नाहीत, रडली नाही. मला तो घड्याळ बघितल्याचा क्षण दिसत होता. मला तिचं ऐकायचं होतं आणि तिला घालवायचंही होतं. खोटे गुण सांगणं माझ्या जिभेवर येईना; चाळीस वर्षांत तेवढं केलं नव्हतं. टेबलावर तुझी पत्रिका उघडी होती. नाशिकच्या इंजिनिअरचं स्थळ आलं होतं ना, त्यासाठी काढलेली. तुझं मृग नक्षत्र, वृषभेतलं. मच्छिंद्रची रोहिणी. माझी नजर गेली आणि मनातल्या मनात गुण मोजूनही झाले, थांबवता आले नाहीत. पस्तीस. एवढे गुण मी आयुष्यात क्वचितच पाहिले. मी एका कोऱ्या कागदावर तुझी कुंडली उतरवली. नाव नाही, गाव नाही, नुसती घरं आणि ग्रह. म्हटलं, ही जुळते. तिने कागद दोन्ही हातांत घेतला. "पोरीचं नाव काय?" मी म्हणालो, नाव विचारू नका. ती गेली, आणि बोलल्याप्रमाणे परत आली नाही.

म्हाताऱ्या बाईच्या जिवाला शांती मिळाली, असं मी स्वतःला समजावलं. त्याला चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत तुझं काय झालं ते तुला मी सांगायला नको. नाशिकवाल्यांनी सगळं ठरल्यावर फोन उचलणं बंद केलं. केडगावच्या शौनकने साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नकार दिला. तुला आम्ही सांगितलं, त्याचं परदेशात जायचं ठरलं. ते खरं नव्हतं. तो स्वतः मला भेटायला आला होता. भला मुलगा, मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "काका, मनवामध्ये काही कमी नाही. पण तिच्या शेजारी बसलं की दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर बसल्यासारखं वाटतं. कुणीतरी उठायची वाट बघत उभं असल्यासारखं." मी त्याला वेडा ठरवलं. मुक्ताबाईची आठवण तेव्हाही झाली नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

मग तू राजसला घरी आणलंस. पत्रिका बघायची नाही, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. पण मागच्या महिन्यात त्याच्या आईने देवापुढे ठेवायला म्हणून तुझी पत्रिका मागितली. मी फाईल उघडली, कुंडली समोर आली, आणि ती दुसऱ्या कुणाच्या घरात पडली आहे या विचाराने मला बसवेना. दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीने ओझरला गेलो. तिथून चालत.

वस्ती कालव्याच्या काठावर आहे. दोन खोल्यांचं सिमेंटचं घर, पुढे ओटा, गोठ्यात एकच गाय राहिलेली. मुक्ताबाई ओट्यावर लसूण सोलत होती. फार वाळली आहे. मला बघून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "या, व्याही."

मनू, ती पत्रिका कुणाची, हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

मुक्ताबाईने चटई टाकली. चहा ठेवते म्हणाली, आणि मग आपणच, "न्हाई, तुमी जुनी मानसं. लेकीच्या घरचं पानी घ्यायचं न्हाई. मला ठावं हाय." ओट्यावर दोन पाट मांडलेले होते, शेजारी शेजारी. आतल्या दोरीवर एक निळी साडी वाळत होती, नवीन, तरुण मुलीची. तिने न विचारताच सांगितलं. तुळशीच्या लग्नादिवशी तिने त्याचा फोटो आणि तो कागद समोरासमोर ठेवले, मोबाईलवर मंगलाष्टकं लावली आणि एकटीनेच अक्षता टाकल्या. कागद दुसऱ्या दिवशी कालव्यात सोडला, मच्छिंद्र जिथे गेला तिथे. म्हणजे जो परत मागायला मी गेलो होतो, तो कागद उरलाच नव्हता.

तरी मी विचारलं, आता तो जातो का पुढे? तिने मान हलवली. "आता कशाला जाईल? संसार हाय की त्याचा हितं. सूनबाई येती जाती. लई गुनाची हाय. डावरी हाय, भाकरी डाव्या हातानं थापती. भात आवडत न्हाई तिला. मागल्या श्रावनात मनगट भाजलं, म्या कोरफड लावली." तुझ्या मनगटाचं मला माहीत नव्हतं. घरी येऊन आईला आडून विचारलं. म्हणाली, हो, इस्त्री लागली होती श्रावणात, तुम्ही उगाच काळजी कराल म्हणून तिने सांगू दिलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. त्या दिवशीची घाई, साखरपुडा, घड्याळ, न सांगितलेला इलाज. मी तिच्या पायाशी वाकणार होतो, तिने हात धरला. तिचा हात उन्हात बसूनही गार होता. "त्यानं तुमाला कधी बोल लावला न्हाई," म्हणाली. "तो तसा न्हाईच." मग मी म्हटलं, माझ्या मुलीचं वैशाखात लग्न आहे, तिला मोकळी करा. तेव्हा मात्र तिचा चेहरा पडला. बराच वेळ लसणाची सालं गोळा करत राहिली. "मी कोन सोडनारी, गुरुजी? ते दोघांचं हाय. पोरीनं सवता येऊन त्याला सांगू द्या. तो आडवा यायचा न्हाई, लई भोळा हाय. फकस्त मला म्हनू नका की ती आलीच न्हवती कधी."

परतताना मी मागे वळून बघितलं. ती ओट्याच्या एका टोकाला सरकून बसली होती, बाकीच्यांना जागा करून दिल्यासारखी.

या सगळ्याला तीन आठवडे झाले. म्हातारी एकटी राहते, मनाने घडवलेली सून आहे, डावखुऱ्या मुली जगात पुष्कळ असतात, असं म्हणून मी गप्प बसलो होतो. कदाचित लग्न होईपर्यंत गप्पच राहिलो असतो. पण परवा तुझा फोन आला. तू हसतच सांगत होतीस. सुकन्याकडे दुपारी केळवण झालं, सगळ्यांनी नाव घ्यायचा आग्रह धरला, तू उखाणा म्हणालीस, आणि शेवटी राजसच्या ठिकाणी तुझ्या तोंडून 'मच्छिंद्र' आलं. सगळ्या खो खो हसल्या, राजससुद्धा. मग तू आवाज खाली आणलास आणि म्हणालीस, "बाबा, गंमत म्हणजे राजसचं नाव घेताना मी सारखी अडखळत होते. ते नाव मात्र रोज घेतल्यासारखं आलं. आपल्या ओळखीत कुणी मच्छिंद्र आहे का हो?" मी म्हणालो, कुणी नाही, आणि फोन ठेवला. तुझ्या आयुष्यात तुझ्याशी बोललेलं हे माझं सगळ्यात मोठं खोटं, ते परत घ्यायला हे पत्र. मच्छिंद्र कोण ते आता तुला कळलं. त्याला तुझ्याशी मी बांधलं, तुला न विचारता, त्यालाही न विचारता. तुला हे सगळं खुळचट वाटलं तर पत्र फाडून टाक, मी पुन्हा विषय काढणार नाही. यावंसं वाटलं तर रविवारी सकाळच्या गाडीने ये, राजसला आणायचं की नाही ते तू बघ. मी स्टँडवर असेन, वस्तीपर्यंत सोबत चालेन. ओट्यावर मात्र तू एकटी जा. त्याला काय सांगायचं ते तुझं तू सांग. मी अलीकडे रस्त्यावर थांबेन, आणि या वेळी तुला कितीही वेळ लागला तरी थांबेन.

तुझाच, क्षमा मागायलाही उशीर केलेला,
बाबा