गच्चीवर जाण्याचं कारण

२ फेब्रुवारी
पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही. नवा बूट चावला, एवढंच. पण ताईने ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतायत. तुमच्या वयात हा आजार सिगरेटवाल्यांनाच होतो. सोडा, पाय वाचेल. नाही सोडलीत तर आधी अंगठा जाईल, मग पुढचं. या माणसाला गोड बोलताच येत नाही.
सोडली. आत्तापासून. मी मनावर घेतलं की घेतलं. कॉलेज नाही का एका दिवसात सोडलं!

३ फेब्रुवारी, दुपार
एक अडचण आहे. आमच्या पार्सल ऑफिसात बिलिंगवाली काचेमागे, मी गोण्यांमागे. बोलणं होतं ते फक्त गच्चीवर. ती ओढायला येते, मी पेटवून देतो. तिथे नुसता हात हलवत उभा राहू? वॉचमन वाटेन.
एकच ओढली. तीही तिच्यासाठी. ही धरायची नाही.

११ फेब्रुवारी
ताईने खिशांची झडती घेतली, पाकीट सापडलं. म्हणाली, पाय तुझा आहे रे, पण उद्या तुला खांद्यावर घेऊन फिरणार कोण, तुझी ती काचेमागची? डोकंच फिरलं. ताट सरकवून उठलो. रागात कोपऱ्यापर्यंत गेलो आणि लागोपाठ ओढल्या. याला सर्वस्वी ताई जबाबदार.

१९ फेब्रुवारी
डॉक्टरांना सांगितलं, सोडली. ते चक्रावले. मग जखम का भरत नाही? म्हणजे आजार दुसराच असणार, मोठ्या तपासण्या करू.
बघा! सिगरेटचा दोष नव्हताच. ताईला चांगलं ऐकवलं. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. पायाच्या नव्हे, हाताच्या.

२६ फेब्रुवारी
अंगठ्याचं टोक काळं. बुटाचा रंग उतरला असणार. साबणाने घासलं. जात नाही.
पोटरी आता पहिल्याच मजल्यावर धरते. जिन्याच्या वळणावर थांबावं लागतं. नुसतं थांबलं तर लोक कीव करतात, म्हणून एक पेटवतो.

४ मार्च
आज गच्चीवर बिलिंगवालीला सगळं सांगितलं. मोजा काढून अंगठाही दाखवला. म्हटलं, तुझ्यापायी हे करून घेतलंय. ती बघतच राहिली. डोळ्यांत पाणी. हातातली अर्धी सिगरेट विझवली. अरे वेड्या, म्हणाली.
वेड्या म्हणाली! परक्या माणसाला कोणी वेड्या म्हणतं का? उद्या सरळ विचारून टाकतो.

५ मार्च
आली नाही. सर्दी असेल.

७ मार्च
ऑफिसातले हमालमामा म्हणाले, पोरीने सोडली, उरलेलं पाकीट मलाच देऊन टाकलं. तुझा अंगठा बघितल्यापासून वासानेच तिला मळमळतं म्हणे. एका फटक्यात सोडली हो, असं वर कौतुक.
काचेपाशी गेलो. तिने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, जरा लांबून बोल.

१० मार्च
तपासण्यांत दुसरं काहीच निघालं नाही. सोमवारी अंगठा काढणार. डॉक्टर म्हणाले, खरंच सोडली असेल तर एवढ्यावर थांबेल. सोडली आहे ना? ताई शेजारीच बसली होती. सोडली, म्हणालो. आता दुसरं काय म्हणणार?
दुपारी ऑफिसात विचार केला. ती येत नाही, ताई भांडत नाही. ओढायला कारणच उरलं नाही. म्हणजे आता सोडणं अगदी सोपं. एवढं ठरलं आणि सवयीने जिना चढायला लागलो. वळणावर पोटरीने धरलं. वर जाववेना, खाली उतरवेना.
पेटवली.