पडीक पाणी

अताया, करकेना बेटं
१४ नोव्हेंबर

शाझलीकाका, सलाम.

आम्ही सगळे खुशाल, तुम्हीही असाल. आईचा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतोय. तुमच्या बंद घराच्या दाराला मी निळा रंग दिला आणि चिमण्यांनी लगेच त्यावर आपलं मत नोंदवलं. हे पत्र तुमचे शेजारी सी तय्यिब रजा संपवून मार्सेला परत निघालेत त्यांच्याबरोबर पाठवतोय, कारण फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता आणि ठेवून देता. पत्रही बाजूला ठेवता येतं म्हणा, पण ते टेबलावरून तुमच्याकडे बघत बसेल.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी जे बोललो ते तुम्ही विसरला नाहीत, मीही नाही. तुम्ही परतीची बॅग भरत होतात. मी म्हटलं, काका, आता तुम्ही निवृत्त आहात, राहा की इथेच. तुम्ही खिशातून ते हिरवं कार्ड काढलंत, डॉक्टर फुकट बघतात ते, आणि म्हणालात, हे जिथे चालतं तिथे मी राहतो. मग मी म्हणालो की तुमचं लग्न या कार्डाशी झालंय आणि आम्ही नुसते वऱ्हाडी. त्या रात्री तुम्ही आमच्याकडे जेवला नाहीत आणि या उन्हाळ्यात गावाकडे फिरकलाही नाहीत. ते बोलणं मी मागे घेत नाही. पण ते कार्ड काय असतं, हे मला आता कळलंय. कसं कळलं, ते सांगायला बाबांनी मनाई केली होती. आज त्यांनीच सांगितलं, लिही.

मार्चमध्ये बाबा शरफियात, झावळ्यांच्या कुंपणाशी, पाण्यात उभे असताना त्यांच्या छातीत कळ आली. सापळ्यात बोई मासे भरले होते म्हणून ते सापळा रिकामा करून मगच होडीत चढले. तुमचा धाकटा भाऊ आहे, तुम्हाला नवल वाटणार नाही. लूद बोटीने त्यांना समुद्रापलीकडे स्फाक्सला नेलं. पहिल्या खासगी दवाखान्यात नाडी बघायच्या आधी चेक मागितला. मी खिडकीच्या काचेवर हात आपटला, मग रखवालदाराने मला रस्त्यावर पोचवलं. सरकारी इस्पितळात डॉक्टर भले होते, पण स्टेंट यायला वेळ लागला, आणि तोवर बाबा छतावरच्या पंख्याकडे बघत पडून राहिले.

शेजारच्या खाटेवर हाजी मिफ्ताह म्हणून लिबियातले निवृत्त मास्तर होते, झुवाराचे. इलाजासाठी गाडी विकून आलेले. बाबांनी त्यांना तुमची गोष्ट ऐकवली, निवृत्त झालात त्या दिवशी गजराचं घड्याळ मार्सेच्या बंदरात कसं फेकून दिलंत ती. तीही अभिमानाने, बरं का. हाजी म्हणाले, “मग तो आता घरी येऊन का बसत नाही?”

“घड्याळ फेकता येतं हो, हाजी,” बाबा म्हणाले. “इस्पितळ बॅगेत घालून आणता येत नाही.”

हाजी बराच वेळ हसले, मग खोकले. म्हणाले, “आमच्याकडे जमिनीतून तेल निघतं. गोळ्यांना मात्र सरहद्द ओलांडावी लागते.”

मी मधे स्टुलावर बसून ऐकत होतो. बाबा, हाजी आणि तुम्ही, तिघांचे तीन देश, आणि एकाच्याही नशिबात आपल्या अंगणात बिनघोर बसणं नाही.

त्याच सुमारास माझं कॉलेज सुटलं. सुटलं म्हणजे मी सोडलं. कॅफेत तुम्ही दोस्तांना इंजिनिअर पुतण्याचं कौतुक सांगता ते हळूहळू कमी करा, एकदम नको.

बाबा घरी आले. डॉक्टरांनी बजावलं होतं की थंड पाण्यात उतरायचं नाही, ओढाताण करायची नाही. गावच्या दवाखान्यातली नर्स दर आठवड्याला रक्तदाब बघायला येऊ लागली. तिचं नाव रौदा. तिच्याबद्दल पुढे लिहीन, इथे तिचा विषय नाही. ती पट्टा आवळता आवळता बाबांना रागवायची, आणि सप्टेंबर लागला तसे बाबा कोयता घेऊन नव्या मोसमाच्या कुंपणासाठी झावळ्या तोडायला निघाले. मी दारात आडवा झालो. ते म्हणाले, “गोळ्या खाणाऱ्या माणसाने गोळ्यांपुरतं तरी कमवायला नको? पुन्हा पडलो तर काय तुझ्या आईला विकणार?” मला इतका राग आला की मी कोयता विहिरीत टाकला. दुसऱ्या दिवशी तो मलाच काढावा लागला, आणि बाबा पुन्हा पाण्यात उतरू लागले.

आता रौदा. काका, मी तिला मागणी घातली होती. तिचे वडील सी लझार, लूदवर तिकिटं फाडतात ते, त्यांनी कॉफी पाजली आणि गोड आवाजात सांगितलं की मुलगा चांगला आहे, डोकं जरा तापट आहे, पण ते बायको निववते. अडचण एवढीच, की ज्या घरात बाप उद्या इस्पितळात जाणार, त्या घरातली सून आयुष्यभर इस्पितळच पोसते. मी कप तसाच ठेवून उठलो. बाहेर रौदा भिंतीशी उभी होती. मला वाटलं, रडत असेल. ती म्हणाली, “ते चुकीचं बोलले का? रागावून काय होणार, काहीतरी कर ना.” तिच्या डोळ्यांबद्दल मी दोन पानं लिहिली होती, ती फाडली. तुम्ही वाचली नसतीत.

मग मी केलं.

बंदराच्या उत्तरेला आपल्या हद्दीत पाण्याचा एक तुकडा वर्षानुवर्षं पडीक होता. जमिनीसारखंच पाणीही आपल्याकडे बापाकडून मुलाकडे येतं, आणि जमिनीसारखंच ओस पडतं. नुसते कुजके खुंट उरले होते, त्यांवर बगळे बसायचे. मी चार मित्र गोळा केले. झावळ्या तोडल्या, ओहोटीला चिखलात रोवल्या, कुंपणाच्या लांब भिंती उभ्या केल्या, टोकाला सापळे लावले. हात सोलून निघाले. आणि बंदरावर सगळ्यांसमोर सांगितलं, या पाण्यातला एकही मासा माझा नाही. जो म्हातारा समुद्र सोडेल त्याच्या गोळ्या, त्याचं लूदचं तिकीट, त्याची इस्पितळातली खाट या पाण्यातून. पैशांची पेटी गावच्या दवाखान्यात राहील, किल्ली रौदाकडे, कारण माझ्याकडे किल्ली द्यायला माझी आईसुद्धा तयार नव्हती.

लोक हसले. सगळ्यांत जास्त बाबा. म्हणाले, उत्तरेचा एक वारा येईल आणि तुझं इस्पितळ उडून जाईल, मग माझं हृदय झावळ्यांवर चालवायचं का?

वारा आलाही. निम्मी भिंत वाहून गेली. आम्ही पुन्हा बांधली. तिसऱ्यांदा मोडली तेव्हा, जे हसले होते त्यांतलेच काही आपापल्या झावळ्या घेऊन आले, माझ्याकडे न बघता.

पेटीतून पहिला खर्च झाला तो म्हाताऱ्या यूनुसमामांच्या मोतीबिंदूवर. तुम्हाला आठवतच असतील. डोळा गेला तरी हाताने चाचपत सापळे ओढायचे, कारण बसलो तर खाणार काय आणि डोळ्याचा खर्च कोण करणार. रौदा त्यांना घेऊन स्फाक्सला गेली. परतीच्या लूदची वाट बघत अख्खा धक्का उभा होता, बाबाही. यूनुसमामा उतरले, डोळ्यावरची पट्टी वर केली, बाबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “अम्मर, तू केवढा म्हातारा झालास रे! कोणी सांगितलं कसं नाही मला?”

धक्का हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. बाबा हसले नाहीत. ते चालत मासळीच्या लिलावाकडे गेले. दलाल त्याच पाण्यातल्या बोईंचा ढीग पुकारत होता. बाबांनी तो ऐकला, शेवटच्या बोलीपर्यंत. मग होडीतून आजोबांचा तो लांब बांबू काढला, ज्याने तुम्ही दोघं लहानपणी होडी ढकलायचात, आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला.

“उद्यापासून मी येत नाही,” ते म्हणाले.

काका, अख्ख्या जन्मात एवढं मोठं वाक्य मी ऐकलेलं नाही. मी रडलो. तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच लिहितो.

आता ते सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात. नुसते बसतात, आणि मला येता-जाता चुका सांगतात. रक्तदाब उतरलाय. मागच्या आठवड्यात सी लझार आले. मला वाटलं, माझ्या कॉफीच्या कपाचा हिशोब मागायला. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारून त्यांनी विचारलं, ही पेटी फक्त कोळ्यांसाठी आहे का, तिकिटं फाडणारा निवृत्त झाला तर त्याचं काय? मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, “घरच्या माणसाला कोण नाही म्हणेल, लझारभाऊ?” आणि त्याच बैठकीत लग्न ठरल्याची फातिहा वाचून झाली. लग्न ऑगस्टमध्ये, ढोलवाले सांगून ठेवलेत.

पेटी लहान आहे. मार्सेच्या इस्पितळाशी तिची बरोबरी नाही, उद्या मोठं दुखणं आलं तर ती पुरणार नाही, हे मला माहीत आहे. पण इथे म्हातारा माणूस पडला तर एकटा पडणार नाही, एवढं झालं. एवढ्यावर एक माणूस बांबू खाली ठेवू शकला.

एक गोष्ट मी मघापासून टाळतोय. ते पडीक पाणी कोणाचं, हे मी लिहिलं नाही. तुम्ही ओळखलं असेलच. आजोबांनी वाटणीत तुम्हाला दिलेला तो तुमचा हिस्सा आहे. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही ‘हं’ म्हणून ठेवलं असतंत. दलाल रोज सकाळी पुकारताना ‘शाझलीचं पाणी’ म्हणतो, आणि तुम्हाला कधीही न बघितलेली पोरंही तेच म्हणतात. तुमची मर्जी नसेल तर कळवा, मी सगळं उपटून टाकतो. खोटं बोललो, टाकणार नाही. तुम्हाला येऊन स्वतः उपटावं लागेल.

सी तय्यिबच्या पिशवीत एक वाळवलेला ऑक्टोपस आहे. या मोसमातला तुमच्या पाण्यातला पहिला. बाबांनी खुर्चीत बसून, दोरीवर पालटून पालटून वाळवलाय. कुसकुसमध्ये घालून खा. चव ओळखू आली नाही, तर खुशाल मार्सेतच राहा. आली, तर ऑगस्टची वाट बघू नका. दाराचा रंग वाळलाय.

तुमच्या पाण्याचा राखणदार,
नौफल