खारवानच्या तेलाबद्दल आईंना

...तर दारात सहा बंदूकधारी उभे, घोट्यापर्यंत बर्फात, आणि त्यांचा अधिकारी तेलाची विहीर मागत होता. मी म्हटलं, आधी आत या.

ती. आई, साष्टांग नमस्कार. (तो वर यायला हवा होता, पण घाईत गोष्ट पुढे गेली.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरता येतो का? इथे फ्रँकफर्टला सगळे बरे आहेत. वेद उंच होतोय. मराठी समजतं, उत्तर जर्मनमध्ये देतो.

मला नोकरी लागली ती "काहीतरी नाटकाची" आहे, असं श्रीनाथने तुम्हाला सांगितल्याचं कळलं. नाटक नाही. इथलं सैन्य परदेशी जाण्याआधी सराव करतं. त्यासाठी बव्हेरियाच्या जंगलात एक खोटा देश उभा केलाय, खारवान. त्यातला आमचा प्रांत वाळवंटी आणि तेलाने भरलेला. (वाळू नाही. पाइनची झाडं आहेत. विहीर म्हणजे एक निळं पिंप आणि त्याच्यावर पाटी.) गावकरी म्हणून माणसं रोजावर घेतात. सैनिकांना न कळणारी भाषा हवी होती, त्यामुळे खारवानची राजभाषा सध्या मराठी आहे. मी प्रांताची प्रशासक. दुभाषी वीणा, ती एरवी डार्मश्टाटला संशोधन करते.

माझं काम एवढंच, की विहीर द्यायची नाही. टेबलावर हात आपटून नाही म्हणायचं, मग समजूत कशी काढावी ते त्यांनी शिकायचं. पण त्या अधिकाऱ्याचे कान थंडीने लाल झाले होते. वय आपल्या निधीएवढं, जेमतेम विशीतलं. न सांगता त्याने बूट बाहेर काढले. चहा घेतला, चिवडा मागून घेतला. मग पुन्हा विहिरीचं काढलं. आपल्याकडे खाल्लेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, "बघू. यांना विचारून सांगते." पाण्याचं यंत्र विकायला येणाऱ्याला तुम्ही असंच दारातून परत पाठवता. तो समजतो आणि जातो.

हे समजले नाहीत आणि गेलेही नाहीत. वीणाने शब्दाला शब्द भाषांतर केलं. अधिकारी म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि वरच्यांना वायरलेसवर कळवलं की प्रशासकाच्या वर एक पुरुष आहे. मग त्याचं नाव विचारलं. श्रीनाथला मी नावाने हाक मारते, तुमच्यासमोरही मारते, पण परक्या सैन्यासमोर ते बरं वाटेना.

"सुलेखाताई, काहीतरी सांगून टाक ना," वीणा म्हणाली, "माझे पाय गारठलेत."

"अगं, खारवानमध्ये मला नवराच दिलेला नाही. कुणाचं नाव सांगू?"

"हे आता भाषांतर करू का?"

"नको."

ती गप्प राहिली, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. दुपारपर्यंत सगळं गाव धुंडाळलं. गावचा न्हावी झालेला प्रणव (ड्रेस्डेनला इंजिनिअरिंग करतो) दोनदा पकडला गेला, कारण त्याची मिशी अधिकारी माणसाची वाटली. ड्रोन उडवलं. विहिरीकडे कुणी फिरकलं नाही. पिंपावर बर्फ साचला.

संध्याकाळी मुख्य साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. (आई, वेद झाल्यापासून इथे मला कुणी कामावर घेतलं नव्हतं. जर्मन छान बोलता म्हणायचे, आणि पुन्हा फोन नाही.) साहेब म्हणाले, इतका अवघड प्रांत त्यांच्या सैनिकांना आजवर भेटला नव्हता. पुढच्या महिन्यापासून मला कायम घ्यायला तयार आहेत. आठवड्यातले चार दिवस जंगलात राहावं लागेल.

श्रीनाथ म्हणतो, तुझी नोकरी खोट्या देशात, माझी खऱ्या; मग वेदकडे कोण बघणार? मी म्हटलं, चिवडा खऱ्या पोह्यांचाच होता. बाकी सगळं क्षेम. बाबांना नमस्कार.

तुमची,
सुलेखा

ता. क. गुडघ्याची चौकशी मनापासूनच केली, पण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हेही डोक्यात होतं. तीन महिने येता का? तुमची व्हिसाची वेळ मी घेऊन ठेवली आहे.

ता. क. दुसरा. पत्र रात्री पाकिटात घातलं नव्हतं, म्हणून लिहिते. आज सकाळी मी होकार कळवला. श्रीनाथ वेदचा डबा भरत होता. पोळ्या किती घालू, असं त्याने मला विचारलं. आपल्याला पोळी कधीच नको असते, असं वेदने त्याला जर्मनमध्ये सांगितलं. दोघांचं त्यावर बोलणं चाललं होतं तेव्हा मी कोट घातला आणि करारावर सही करायला निघाले.