वर्षश्राद्ध लिहायचं राहिलं आहे

चि. शुभंकरराव यांस अमरावतीहून कमलाकांतचे आशीर्वाद.

तुमचा गुडघा, सौभाग्यवतींचं पित्त आणि अकोल्याचं ऊन, तिन्ही आपापल्या जागी टिकून असतील असं धरून चालतो. माझं ठीक. तुमची ताई गेल्यापासून वरणात मीठ एकतर दोनदा पडतं, नाहीतर पडतच नाही. (रक्तदाबाला हा मध्यम मार्ग मानवला आहे.)

आता गाऱ्हाणं ऐका. तुमच्या भाच्यानं, म्हणजे आमच्या ईशाननं, पुण्यात बसून माझ्या भिक्षुकीसाठी ॲप लिहिलं. विधी निवडा की साहित्य, क्रम, संकल्प, सगळं फोनवर हजर. मुंज चोख, वास्तुशांत चोख. (पुण्यात राहून माणूस बिनचूक काम करायला शिकतो, आणि ते ऐकवायलाही.) परवा अचलपूरहून यष्टीनं खुशालराव आले, वडिलांची बरसी ठरवायला. मी ऐटीत 'वर्षश्राद्ध' दाबलं. पडद्यावर आलं, 'हे लिहायचं राहिलं आहे', आणि ॲप बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. खुशालराव चष्मा सारून म्हणाले, "गुरुजी, हे तर नाही म्हणून राह्यलं. मंग आमच्या बुढ्याले काहून ताटकळत ठेवता? तोंडानं सांगा ना." सांगितलं.

ते गेल्यावर ईशानला फोनवर झाडलं. म्हणाला, "बाबा, काम अपुरं असलं की आम्ही तिथं एक खूण लिहून जागा धरतो. बाकीचा प्रोग्राम बिनतक्रार चालतो. कोणी नेमका त्या जागी गेला तरच बंद पडतो." म्हटलं, मग भर ना ती जागा, वास्तुशांत लिहिताना हात दुखला नाही तो. तर म्हणाला, "लिहून झालं की कोणाचं तरी नाव घालून चालवून बघावं लागतं. मला दुसरं नाव सुचत नाही."

यावर मी नेटवर्क गेल्याचं सोंग केलं. (आमच्या गल्लीत ते कोणालाही पटतं.)

बाकी क्षेम.

तुमचा,
कमलाकांत

ता. क. पुढल्या महिन्यात, कार्तिक वद्य पंचमीला, ताईची बरसी. ईशान सुट्टी नाही म्हणतो. तुम्ही मामा, तुमचं तो ऐकतो. काहीही करून त्याला घेऊन या.

ता. क. दुसरा. येताना तिकडचा एखादा गुरुजीही आणा. इथले सगळे तिच्या हातचं जेवलेले, एकाचाही आवाज टिकायचा नाही. ईशानला मंत्र मीच सांगणार होतो. काल घरी म्हणून पाहिलं. 'अस्मन्मातुः', म्हणजे त्यानं म्हणायचं 'माझ्या आईचं', इथवर गेलो. पुढे नाव घ्यायचं असतं. तेव्हा जरा घाईतला, रुक्ष असा बघा. चांगला माणूस नको.