मोटारीच्या कपाळावरचं कुंकू

मामा, जावई म्हणून तुम्हाला पहिल्यांदाच लिहायला बसलो खरा, पण पहिल्याच ओळीला हात थांबला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, आणि तुम्ही जाऊन वर्षं झाली, हे वाचणार नाही हे ठाऊक असूनही चुकीची धास्ती वाटतेच. आजही घरातून निघालो की कुलूप ओढून बघायला अर्ध्या वाटेवरून परत येतो. तुमची लेक म्हणते, "कुलूप झिजंल, पर तुमचा इस्वास बसायचा न्हाई." काल ती पितळी भांडी घासायला काढताना म्हणाली, दसरा जवळ आला. तेवढ्यावरून मला तुमची सायकल आठवली, हँडलला लटकवलेली हत्यारांची पिशवी आठवली, आणि रात्री झोप लागली नाही.

जर्मनची लढाई नुकतीच संपली होती. पुण्याच्या लष्करी भंगारातून तुम्ही ती मोटार आणलीत. नावेच्या मागच्या फळीला अडकवायची, खाली पाण्यात पंखा, वर पेट्रोलची टाकी, आणि दोरी गुंडाळून ओढली की चालू. सांगलीत तुमचा ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा गाळा होता. तिथं तुम्ही ती पूर्ण खोललीत, घासलीत, रिंगा बदलल्यात आणि गणपतीच्या आधी आमच्या गावच्या उतारावर, नाव लागते तिथं, घेऊन आलात. कृष्णेवरची नाव आमच्या घराकडं होती. वडील गेल्यापासून वल्ही माझ्या हातात, आणि चढत्या पाण्यात वल्ही मारताना माझे हात कापतात हे तुम्ही कधीतरी पाहिलं असावं. तसं तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. मोटार फळीला आवळताना एवढंच म्हणालात, "वल्ह्याला ताकद लागती पावणं, हिला नुसतं ध्यान लागतं. आन् ध्यान तुमच्याकडं लय हाय." माझ्या काळजीला कुणी गुण म्हणावं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्या दिवशी मी घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मोटार चांगली चालली. तुमची लेक लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला माहेरी आली होती ती घट बसल्यावर सासरी परतली. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजली, त्यात मोटारही पुजली. आणि दसऱ्याला सोनं लुटायला पलीकडं निघालेली माणसं घेऊन मी नाव सोडली, तर ऐन मध्यावर मोटार खोकली आणि बसली. वल्ह्यांनी काठ गाठला. टाकीत पेट्रोल आहे का पाहिलं, होतं. दोरी ओढली, लगेच चालू. परत निघालो, पुन्हा मध्यावर बंद. मग रोज हेच सुरू झालं. मी प्लग काढून घासला, पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळलं, पंख्यात शेवाळ अडकलंय का म्हणून गळ्याइतक्या पाण्यात उतरलो. काठावर ती शहाण्यासारखी चालायची आणि मध्यावर गेली की मरायची. भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाणारी एक माळीण म्हातारी रोज सुनवायची, "आरं, हिच्यापरास गुळाची काहील बरी. काहिलीत बसून माणूस पुरातनं पार हुतंय, आन् तिला दोरी बी वडावी लागत न्हाई!" लोक हसायचे, मीही हसायचो.

हसण्यावर भागलं असतं तर मी निरोप धाडला नसता. पण आईच्या मनानं घेतलं की सून परत आली आणि मोटार बसली. आधी ती हळू बोलायची, मग शेजारणींत बोलू लागली, मग तुमच्या लेकीला उताराकडं पाण्याला जायची बंदी झाली. तुम्ही बाजारच्या दिवशी सकाळी सायकलवरून आलात तेव्हा दारातच तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं.

"आवं पावणं," आई म्हणाली, "मोटार दुरुस्त हुईल न्हाईतर न्हाई, पर जाताना लेकीला घिऊन जावा. तिचा पाय ह्या घराला सोसंना."

मला आजही ते दार दिसतं. तुमची लेक चुलीपाशी पाठमोरी बसली आहे. मी खांबाला टेकून उभा आहे आणि नखानं खांब खरवडतो आहे. तुम्ही गाठोड्याकडं बघता, माझ्याकडं बघता, आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणता, "आदी मोटार बगू, विहीणबाई. मग काय न्यायाचं ते नेतो."

आपण दोघंच नावेत बसलो. मला वाटलं, तुम्ही पिशवी उघडाल, पाने-पकडी काढाल. तुम्ही मांडी घालून बसलात. म्हणालात, "रोजच्यावानी चालवा. मी काय बी शिकवणार न्हाई." मध्यावर ती बसली. मी सवयीनं टाकीच्या झाकणाला हात घातला तसा तुम्ही माझं मनगट धरलंत.

"थांबा. बंद पडली की पयलं काय करता?"

"झाकण उघडून पेट्रोल बघतो."

"दररोज?"

"दररोज. संपलं असंल तर?"

"आन् मग चालू हुती?"

"व्हय."

नाव प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत होती. मला खालच्या खडकांची काळजी लागली होती आणि तुम्ही मात्र झाकणाला कान लावून, हिंगाची डबी उघडावी तसं ते सावकाश सैल करत होता. आतून सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला. "ऐकलं? वारा आत गेला," तुम्ही म्हणालात. मग झाकण उलटंपालटं केलंत. त्याला वर बारीक भोक असतं, पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा आत यायला; ती आली नाही की पेट्रोल उतरायचं थांबतं आणि झाकण उघडलं की पुन्हा उतरतं. ते भोक दिसतच नव्हतं. तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाचा जाड थर त्यावर वाळून दगड झाला होता, वर एक अक्षतसुद्धा चिकटलेली. मोटारीला कपाळ कुठलं, तर ते झाकण, असं समजून कुणीतरी मनापासून मळवट भरला होता.

"पूजा कुणी केली?"

"आईनं," मी म्हणालो. आणि म्हणताना मला हायसं वाटलं, कारण आता तुम्ही काठावर जाऊन चारचौघांत सांगाल आणि माझ्यावाचून सगळं मिटेल.

तुम्ही बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं करत बोललात ते मी विसरलेलो नाही. "मी उतारावर बोललो तर आज मी जिकंन. पर उद्या त्याच चुलीफुडं माज्या लेकीला बसायचंय. विहीणबाईंनी भक्तीनं क्येलंय, त्येचं हसं नको. मी म्हणणार, कचरा अडकला हुता. खरं काय ते घरात तुमी सांगा. आजच. मोटारीला यवढं जपता, तिला बी जपा की वाईच." फुंकर मारून भोकातून पलीकडचं ऊन बघितलंत आणि झाकण माझ्या हातात दिलंत. मी दोरी ओढली. ती पलीकडं गेली, परत आली, पुन्हा गेली, कुठंही अडली नाही. म्हातारी माळीण काहिलीचं तेच बोलत पहिली चढली, आणि तुम्ही तिला म्हणालात, "बसा आज्जी, काहील धुवायला टाकलीया."

घरी आलो. तुम्ही ओसरीवर टेकलात आणि मी आत गेलो. आई भाकरी थापत होती. माझा आवाज किती बारीक निघाला असेल कुणास ठाऊक, पण मी सगळं सांगितलं. झाकण, भोक, कुंकू. आईचे हात पिठात तसेच राहिले. "मी देवाचंच केलं रं," ती म्हणाली. मी म्हणालो, "देवाचंच केलंस. पर हिचा पाय मधी आणू नगंस. ही कुठं जाणार न्हाई." तवा तापून धूर धरू लागला. मग आईनं हात धुतले, स्वतः उठून दारातलं गाठोडं आत आणलं, सोडलं, लुगडी दांडीवर टाकली आणि सुनेला म्हणाली, "बस गं, भाकरी करपंल. आन् तुज्या बाला च्या ठिव, गूळ जास्त घाल." एवढंच. पुढच्या वर्षीपासून आई कुंकू मोटारीच्या दांड्याला लावू लागली. दोघी शेवटपर्यंत एका घरात नांदल्या, आणि आईच्या आजारपणात तिचं अंथरूण तुमच्या लेकीनंच सांभाळलं.

माझं सगळं घर तुमच्या त्या गप्प बसण्यावर उभं आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सासरा-जावयात असं बोलायची रीतही नव्हती. हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून लिहायला धीर होतोय. तुम्ही गाळ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, "आमचं पावणं भित्रं दिसत्यात, पर लेकीसाटनं आईफुडं हुबं ऱ्हायलं." मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, लाजलो. मामा, तुम्ही ओसरीवर बसून ऐकताय असं वाटलं, म्हणूनच मला आईपुढं बोलायचा धीर झाला होता. नंतर बाहेर येऊन बघतो तर ओसरी मोकळी. तुम्ही केव्हाच उतारावर जाऊन हाताचं तेल धूत बसला होता.